सेलच्या कमेंटमध्ये लांब मजकूर लिहिताना मॅक्रो नेमका कुठे अडतो?

आपला प्रश्न मी असा समजतो. एक्सेलच्या एका स्तंभात लांब-आखूड शेरे आहेत आणि आपला मॅक्रो (ठरलेले काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) प्रत्येक शेरा उचलून त्याच ओळीतील दुसऱ्या सेलला कमेंट म्हणून जोडतो. शेरा लहान असला की काम बिनबोभाट होते. लांब असला की कधी एरर १००४ येते, कधी मजकूर २५५ अक्षरांवर तुटतो, तर कधी तो साधारण हजार अक्षरांनंतर संपल्यासारखा दिसतो. म्हणून आपण विचारले आहे की कमेंटची कमाल मर्यादा किती आणि ती ओलांडण्याचा मार्ग कोणता.

तीन वेगवेगळी लक्षणे आहेत आणि आपण त्यांचे एकच कारण शोधत आहात, म्हणून उत्तर सापडत नाही, असे मला वाटते. सेलमधून निघालेला मजकूर कमेंटच्या चौकटीत पोहोचेपर्यंत अनेक दारांतून जातो आणि प्रत्येक दाराची उंची वेगळी असते. मूळ सेल वाचण्याची रीत, व्हेरिएबलमध्ये (मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेत) मजकूर भरण्याची रीत, कमेंट लिहिणारी मेथड (म्हणजे ते काम करणारी आज्ञा), चौकटीचा आकार आणि शेवटी मजकूर पूर्ण आला का हे तपासण्याची रीत, यांपैकी कुठेही तो अडू शकतो. त्यामुळे एखादा आकडा पाठ करण्यापेक्षा आपला मजकूर यांतल्या कोणत्या टप्प्यावर तुटतो ते आधी निश्चित करावे. त्यानंतरचा उपाय सोपा आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आरंभीच सांगतो. आपण एक्सेलची कोणती आवृत्ती वापरता, फाइल पुढे कोणाकडे आणि कोणत्या आवृत्तीत उघडली जाणार आहे, आणि आपल्याला जुन्या धाटणीची पिवळी चौकट हवी आहे की उत्तर-प्रत्युत्तराची नवी कमेंट, यावर तपशील बदलतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये जुन्या पिवळ्या चौकटीला आता ‘नोट’ म्हणतात आणि ‘कमेंट’ हे नाव संवादाच्या साखळीला दिलेले आहे. व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलचे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिच्यात, मात्र अ‍ॅडकमेंट ही मेथड आजही जुनी चौकटच तयार करते. साखळीसाठी अ‍ॅडकमेंटथ्रेडेड ही स्वतंत्र मेथड आहे. आपल्या वर्णनावरून आपल्याला जुनी चौकट हवी आहे असे गृहीत धरून पुढचे लिहितो. मेथडची नावे मी येथे देवनागरीत देत आहे. संपादकात ती आपल्याला त्यांच्या मूळ इंग्रजी रूपात दिसतील.

आधी २५५ चे पाहू. हा आकडा दिसला की मी सर्वप्रथम मॅक्रोमध्ये नोटटेक्स्ट हा शब्द शोधतो. रेंजची (म्हणजे सेलची किंवा सेलच्या गटाची) ही मेथड फार जुनी आहे आणि एका हाकेत २५५ पर्यंतच अक्षरे स्वीकारते. त्याहून लांब मजकूर असल्यास तो तुकड्यांनी पुन्हा पुन्हा जोडावा, अशीच तिची रीत ठरलेली आहे. एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये नकलत आलेल्या मॅक्रोंमध्ये ती अजूनही टिकून आहे, कारण लहान मजकुरावर ती उत्तम चालते आणि कोणाला संशय येत नाही. मॅक्रोत नोटटेक्स्ट नसेल, तर चौकटीच्या टेक्स्टफ्रेममधील कॅरेक्टर्स हा ऑब्जेक्ट वापरून मजकूर भरलेला आहे का ते पाहावे. जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या मार्गालाही २५५ चीच अडचण होती. मजकूर वाचण्यासाठीही कॅरेक्टर्स वापरू नये. कमेंटची स्वतःची टेक्स्ट ही मेथड त्यासाठी आहे आणि लिहिण्यासाठीही तीच योग्य आहे.

हजार अक्षरांनंतर मजकूर संपतो, हे लक्षण बहुतेक वेळा कमेंटचे नसतेच. आपण लिहिले आहे की कमेंट तपासण्यासाठी आपण ती मेसेजबॉक्समध्ये दाखवता. मेसेजबॉक्स सुमारे १,०२४ अक्षरांपर्यंतच मजकूर दाखवतो आणि पुढचा गुपचूप गाळतो. अक्षरे रुंद की अरुंद यानुसार हा आकडा थोडा मागेपुढे होतो, म्हणूनच आपल्याला तो ‘साधारण हजार’ असा वाटला. म्हणजे कमेंटमध्ये मजकूर पूर्ण असू शकतो आणि तपासण्याचे साधनच तो अर्धा दाखवत असते. इनपुटबॉक्समधील सूचनेलाही साधारण हीच मर्यादा आहे. लांब मजकुराच्या बाबतीत डोळ्यांनी तपासण्यावर विसंबू नये. कमेंटमधून मजकूर परत वाचून त्याची लांबी लेन या फंक्शनने मोजावी आणि मूळ मजकुराच्या लांबीशी ताडून पाहावी.

एरर १००४ चा लांबीशी संबंध असेलच असे नाही. अ‍ॅडकमेंट ज्या सेलवर चालवली तिथे आधीच कमेंट असेल तर हीच एरर येते. आपला मॅक्रो दुसऱ्यांदा चालवल्यावर ती पहिल्याच सेलला येत असेल, तर कारण हेच आहे असे समजावे. शीट संरक्षित असेल आणि संरक्षण देताना ऑब्जेक्ट संपादित करण्याची मुभा दिलेली नसेल, तरीही हीच एरर येते. एकाच वेळी अनेक सेलच्या रेंजवर अ‍ॅडकमेंट चालवली तरी तेच. जोडलेल्या सेलच्या बाबतीत डावीकडचा वरचा सेलच धरावा. ज्या सेलवर नव्या धाटणीची कमेंट आहे त्यावर जुनी चौकट ठेवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. याउलट, सेलवर कमेंट नसतानाच तिचा मजकूर वाचायला गेलो तर एरर ९१ येते, कारण तेव्हा कमेंट हा ऑब्जेक्ट रिकामा असतो. म्हणून लिहिण्याआधी कमेंट नथिंग (म्हणजे अस्तित्वातच नाही अशी) आहे का हे तपासावे, कमेंट नसेल तेव्हाच नवी जोडावी आणि असेल तर आहे तीच वापरावी.

आपल्या मॅक्रोच्या आरंभी ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट ही ओळ असेल तर ती आधी काढा. कमेंटच्या मॅक्रोंमध्ये ती सर्रास दिसते, कारण ‘कमेंट नसेल तर पुढे जा’ असे सांगण्याचा तो सोपा मार्ग वाटतो. प्रत्यक्षात तिच्यामुळे एखादा तुकडा लिहिला गेला नाही तरी मॅक्रो काही झालेच नाही अशा थाटात पुढे सरकतो आणि अर्धवट कमेंट फाइलमध्ये राहते. मॅक्रो मध्येच थांबला तर निदान थांबण्याचे कारण दिसते. अर्धवट राहिलेला शेरा पूर्ण समजून कोणी निर्णय घेतला, तर त्या चुकीचा माग कोणालाच लागत नाही.

आता मूळ सेलकडे वळू. एक्सेलच्या एका सेलमध्ये ३२,७६७ अक्षरे मावतात. पण सेल वाचताना रेंजची टेक्स्ट ही प्रॉपर्टी वापरली, तर सेलमध्ये जे दिसते तेच आपल्या हाती येते. स्तंभ अरुंद असल्यामुळे आकड्याच्या जागी चौकड्यांची (####) रांग दिसत असेल तर ती रांगच कमेंटमध्ये जाते. एक्सेल २००३ मध्ये सेलमधल्या ३२,७६७ पैकी केवळ १,०२४ अक्षरेच सेलवर दिसत, बाकीची फक्त फॉर्म्युला बारमध्ये दिसत, यावरून दिसणे आणि असणे यांतील अंतर ध्यानात येईल. म्हणून स्रोत वाचताना नेहमी व्हॅल्यू वापरावी. सेलमध्ये एखाद्या सूत्राची चूक असेल, तर व्हॅल्यूमधून एरर मूल्य येते आणि ते स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या व्हेरिएबलमध्ये) भरताना एरर १३ मिळते. त्यासाठी इझएरर हे फंक्शन लावून असे सेल बाजूला काढावेत आणि त्यांची यादी वेगळी ठेवावी.

आपले सगळे शेरे सेलमधूनच येतात, हे उत्तम आहे. पुष्कळ जण लांब मजकूर मॅक्रोतच अवतरणचिन्हांत लिहून ठेवतात आणि मग निराळ्याच मर्यादांवर अडकतात. व्हीबीएच्या संपादकात एका ओळीत १,०२३ अक्षरे मावतात आणि एक विधान अंडरस्कोरने पुढच्या ओळींवर जास्तीत जास्त २४ वेळा नेता येते. याहून मोठा मजकूर असेल तर तो एका व्हेरिएबलमध्ये अनेक विधानांनी जोडत न्यावा लागतो.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. व्हीबीएचा संपादक युनिकोड (सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत) जाणत नाही, त्यामुळे त्यात चिकटवलेल्या देवनागरी मजकुराची प्रश्नचिन्हे होतात. यावरून अनेकांचा समज होतो की कमेंटमध्ये मराठी चालत नाही. तसे नाही. व्हीबीएच्या स्ट्रिंग आतून युनिकोडच आहेत, कमेंटही युनिकोड मजकूर नीट सांभाळते, आणि सेलमधून व्हॅल्यूने वाचलेले देवनागरी अक्षर जसेच्या तसे कमेंटमध्ये उतरते. अडचण फक्त संपादकाच्या पडद्यावर आहे. म्हणून ठरलेली वाक्ये, शीर्षके वगैरे मराठीत हवी असतील तर ती एका स्वतंत्र शीटवर ठेवून तिथून वाचावीत. मजकूर बाहेरच्या फाइलमध्ये असेल आणि ती यूटीएफ-८ मध्ये असेल, तर ओपन हे साधे विधान तिचा चुकीचा अर्थ लावते; त्या ठिकाणी एडीओडीबी स्ट्रीम हा ऑब्जेक्ट घेऊन त्याचा कॅरेक्टर सेट यूटीएफ-८ ठरवून द्यावा.

आता मुख्य कृती. कमेंटच्या टेक्स्ट या मेथडला तीन आर्ग्युमेंट (सोबत द्यायची मूल्ये) देता येतात. पहिले म्हणजे मजकूर. दुसरे स्टार्ट, म्हणजे मजकूर कितव्या अक्षरापासून ठेवायचा ते स्थान. तिसरे ओव्हरराइट, म्हणजे त्या जागी आधी असलेल्या मजकुरावर लिहायचे की नवा मजकूर मध्ये घालायचा. स्टार्ट दिले नाही तर जुना मजकूर पूर्ण पुसून नवा लिहिला जातो. ओव्हरराइट दिले नाही तर ते ट्रू मानले जाते, आणि तुकडे जोडताना आपल्याला नेमके तेच नको असते. या मेथडला बरोबरचे चिन्ह लावून मजकूर देण्याचा प्रयत्न चालत नाही, कारण टेक्स्ट हे नाव प्रॉपर्टीसारखे दिसत असले तरी येथे ती मेथड आहे.

मी कृती अशी करतो. सेलवर कमेंट नसेल तर काहीही मजकूर न देता अ‍ॅडकमेंटने रिकामी कमेंट तयार करतो. मग मजकुराचा पहिला २५० अक्षरांचा तुकडा मिड फंक्शनने काढून स्टार्ट न देता टेक्स्ट मेथडने लिहितो. त्यामुळे आधीचा मजकूर असल्यास तो आपोआप पुसला जातो, आणि जुनी कमेंट डिलीट करून नवी जोडण्याची गरज पडत नाही; कोणी तिचा आकार किंवा जागा हाताने जुळवून ठेवली असेल तर ती तशीच राहते. त्यानंतरचा प्रत्येक तुकडा लिहिताना स्टार्टमध्ये कमेंटची त्या क्षणीची लांबी अधिक एक देतो आणि ओव्हरराइट स्पष्टपणे फॉल्स ठेवतो. मजकूर संपेपर्यंत लूप चालू राहतो.

समजा शेरा ६१३ अक्षरांचा आहे. पहिल्या फेरीत १ ते २५० ही अक्षरे स्टार्टशिवाय लिहिली जातील. दुसऱ्या फेरीत कमेंटची लांबी २५० भरेल, म्हणून स्टार्ट २५१ होईल आणि २५१ ते ५०० ही अक्षरे जोडली जातील. तिसऱ्या फेरीत स्टार्ट ५०१ होईल आणि उरलेली ११३ अक्षरे जातील. येथे एक बारकावा आहे, तो निसटू देऊ नका: स्टार्टचा आकडा आपल्या लूपच्या मोजदादीवरून काढू नये, दर फेरीला कमेंटमधून प्रत्यक्ष लांबी वाचून काढावा. मागच्या फेरीत काही कारणाने एखादे अक्षर कमी-जास्त झाले असेल, तर मोजदादीवरून काढलेला आकडा पुढचे सगळे तुकडे एकेक जागा सरकवतो. प्रत्यक्ष लांबी वाचली तर पुढचा तुकडा नेहमी शेवटालाच जोडला जातो आणि चूक जिथे झाली तिथेच राहते, त्यामुळे शोधायला सोपी पडते.

यावर कोणी म्हणेल की आजच्या आवृत्त्यांत अ‍ॅडकमेंटला २५५ हून लांब मजकूर एकदम दिला तरी तो जातो, मग तुकड्यांचा खटाटोप कशाला? आपली फाइल फक्त आपल्याच संगणकावर चालणार असेल तर हा आक्षेप रास्त आहे. एकदम लिहावे, परत वाचून पडताळावे आणि पुढे जावे. पण मॅक्रो सहसा लिहिणाऱ्याच्या संगणकापुरता राहत नाही. कोणाकडे कोणती आवृत्ती आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि तुकड्यांच्या लूपसाठी लागणारा वेळ इतका थोडा असतो की तो वाचवण्यात काही हशील नाही. हजारो कमेंट लिहायच्या असतील तर स्क्रीनअपडेटिंग (पडदा सतत ताजा करणे) बंद ठेवावे. वेळेची खरी बचत तिथे होते.

तुकडा २५५ ऐवजी २५० चा घेण्याला कारण आहे. सीमेवर एखादे अक्षर मागेपुढे करण्याची वेळ येते तेव्हा हाताशी थोडी जागा लागते. व्हीबीए स्ट्रिंगची लांबी यूटीएफ-१६ च्या एककांत मोजते. इमोजीसारखे चिन्ह दोन एककांचे असते आणि तुकड्याची सीमा नेमकी त्या दोहोंच्या मधून गेली तर अर्धे चिन्ह एका तुकड्यात आणि अर्धे दुसऱ्यात पडते. हे टाळण्यासाठी तुकड्याच्या शेवटच्या एककाची एएससीडब्ल्यू या फंक्शनने मिळणारी किंमत पाहावी. ती उणे १०२४० ते उणे ९२१७ या दरम्यान असेल तर ते एकक म्हणजे जोडीचा पहिला भाग आहे. अशा वेळी तुकडा एकने वाढवावा, म्हणजे जोडी एकत्र राहते आणि तुकडा २५१ चा होऊनही २५५ च्या आतच असतो.

देवनागरीची गोष्ट थोडी निराळी आहे. ‘राष्ट्रीय’ हा शब्द वाचताना आपल्याला तीन अक्षरे दिसतात, पण लेन त्याची लांबी ९ सांगते, कारण प्रत्येक व्यंजन, प्रत्येक मात्रा आणि प्रत्येक हलन्त चिन्ह स्वतंत्र मोजले जाते. म्हणजे २५५ ची मर्यादा मराठी मजकुराला वाटते त्यापेक्षा कितीतरी लवकर गाठते, आणि डोळ्यांनी मोजलेल्या अक्षरांवरून मर्यादेचा अंदाज बांधला तर तो चुकतो. तुकड्याची सीमा जोडाक्षराच्या मधून गेली तरी एकाच कमेंटमध्ये पुढचा तुकडा लगेच जोडला जात असल्यामुळे अक्षर पुन्हा अखंड होते, तेव्हा त्याची चिंता करू नये. मात्र मजकूर छाटून त्याचा फक्त आरंभ दाखवायचा असेल, तर शेवटच्या रिकाम्या जागेपाशीच छाटावा. नाहीतर शेवटी एखादे पाय मोडलेले अक्षर लोंबत राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे मात्रा गळून शब्दाचा अर्थच बदलतो.

ओळींच्या बाबतीतही आधी सफाई करावी. सेलमध्ये ऑल्ट-एंटरने तोडलेली ओळ कॅरेक्टर १० या एकाच चिन्हाने तुटते. बाहेरच्या प्रणालीतून आलेल्या मजकुरात मात्र १३ आणि १० अशी जोडी असते, कधी नुसते १३ असते. कमेंटमध्ये १३ हे चिन्ह गेले तर जुन्या आवृत्त्यांत ओळीच्या शेवटी लहानसा चौकोन दिसतो आणि लांबीचा हिशोबही बिघडतो. लूप सुरू करण्यापूर्वीच रिप्लेस फंक्शनने आधी जोडीच्या जागी १० घालावे आणि नंतर उरलेल्या एकट्या १३ च्या जागी १० घालावे. हा क्रम उलटा केला तर प्रत्येक ओळ दोनदा तुटते.

एवढे झाल्यावर पडताळणी. सफाई केलेला मजकूर एका व्हेरिएबलमध्ये तसाच ठेवलेला असावा. लूप संपल्यावर कमेंटचा मजकूर परत वाचून त्या व्हेरिएबलशी थेट तुलना करावी. आधी लांबी, मग पूर्ण मजकूर. जुळले नाही तर मॅक्रोने सेलचा पत्ता आणि दोन्ही लांब्या एका वेगळ्या शीटवर लिहाव्यात. ही यादी निदानाचे उत्तम साधन आहे. सगळ्या चुकलेल्या ओळी २५५ वर अडल्या असतील तर एखादी जुनी मेथड अजून शिल्लक आहे. फरक एक-दोन अक्षरांचाच असेल तर ओळींच्या चिन्हांची सफाई राहिली आहे. फरक दर ओळीला ठरावीक असेल, तर ज्या कमेंट हाताने घातलेल्या होत्या त्यांच्या आरंभी आपोआप आलेले वापरकर्त्याचे नाव तसेच राहिले आहे का ते पाहावे. हाताने नोट घातली की एक्सेल आरंभी ठळक अक्षरांत नाव आणि अपूर्णविराम घालते. अ‍ॅडकमेंटने घातलेल्या चौकटीत ते नसते. जुन्या कमेंटच्या शेवटी मजकूर जोडायचा असेल तर हे नावही लांबीत धरले जाते, हे विसरू नये.

मजकूर पूर्ण साठवला गेला तरी वाचणाऱ्याला तो दिसेलच असे नाही. कमेंटची चौकट ठरावीक आकाराची येते आणि लांब मजकूर तिच्या खालच्या कडेपाशी कापल्यासारखा दिसतो. ‘मजकूर तुटतो’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढेच असते. चौकटीच्या टेक्स्टफ्रेमचा ऑटोसाइझ चालू केला की चौकट मजकुराएवढी होते, पण शेऱ्यात ओळी तोडलेल्या नसतील तर ती एकाच ओळीची, पडद्याबाहेर जाणारी लांबलचक पट्टी बनते. यावर चालणारी रीत अशी: ऑटोसाइझ चालू करून रुंदी व उंची वाचावी, दोहोंचा गुणाकार म्हणजे क्षेत्रफळ काढावे, ऑटोसाइझ बंद करावा, रुंदी ३०० पॉइंट ठेवावी आणि क्षेत्रफळाला ३०० ने भागून उंची ठरवावी. समजा पट्टी २,४०० पॉइंट रुंद आणि १५ पॉइंट उंच आली. क्षेत्रफळ ३६,००० होते, ३०० ने भागल्यावर उंची १२० येते. ओळी शब्दांवर मोडतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी थोडी जागा वाया जाते, म्हणून या उंचीत भर घालावी लागते. देवनागरीसाठी मी पाव हिस्सा वाढवतो, म्हणजे येथे १५० पॉइंट. वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार यांना तेवढा श्वास हवा असतो.

चौकटीची प्लेसमेंट ही प्रॉपर्टीही पाहून घ्या. चौकट सेलबरोबर सरकावी आणि आकारही बदलावा, असे ठरलेले असेल तर ओळी लपवल्यावर किंवा फिल्टर लावल्यावर ती चेपून बारीक होते आणि आपण कष्टाने ठरवलेला आकार वाया जातो. ती फक्त सरकेल, आकार बदलणार नाही, असे मूल्य द्यावे. अक्षरे ठळक करणे वगैरे सजावट सगळा मजकूर लिहून झाल्यावर शेवटीच करावी, कारण मजकूर नव्याने लिहिला की आधीची सजावट टिकत नाही. सजावटीसाठी मात्र कॅरेक्टर्सच वापरावे लागते. तिथे ते योग्य जागी आहे.

हे सगळे करता येते, तरी आपल्या शेऱ्यांसाठी कमेंट ही जागा योग्य आहे का, हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. कमेंटमधला मजकूर कोणतेही तयार वर्कशीट फंक्शन वाचू शकत नाही. त्यावर फिल्टर लावता येत नाही. छापताना तो शीटच्या शेवटी काढण्याची सोय पेज सेटअपमध्ये आहे, पण मूळ ओळीपासून तो तुटतो. पाचसहाशे अक्षरांच्या पुढचा शेरा कोणी माउस नेऊन चौकटीत धड वाचत नाही, हे मी वारंवार पाहिले आहे. अशा वेळी मी पूर्ण मजकूर एका स्वतंत्र शीटवर नोंद क्रमांकासह ठेवतो आणि कमेंटमध्ये पहिली दोनशे अक्षरे, शब्दाच्या सीमेवर छाटून, आणि शेवटी नोंद क्रमांक देतो. सेललाच त्या नोंदीची हायपरलिंक जोडली की वाचणारा एका क्लिकमध्ये पूर्ण शेऱ्यापाशी पोहोचतो. असे केल्यास २५५ चा प्रश्नच उद्भवत नाही आणि शेरे शोधता, गाळता, मोजता येतात.

काही जण कमेंटऐवजी डेटा व्हॅलिडेशनचा इनपुट मेसेज वापरायला सुचवतात. तो लहान सूचनांसाठी चांगला आहे, पण त्याच्या मजकुराला २५५ अक्षरांची आणि शीर्षकाला ३२ अक्षरांची मर्यादा आहे. चूक दाखवणाऱ्या संदेशाला तर २२५ चीच. ती ओलांडण्याचा मार्ग नाही, कारण तिथे तुकडे जोडण्याची सोयच नाही. आपल्या कामाला तो उपयोगी पडणार नाही. गूगल शीट्समध्ये हेच काम करायचे असेल तर अ‍ॅप्स स्क्रिप्टमधील सेटनोट ही मेथड पूर्ण मजकूर एकदम घेते, तिथे २५५ चे तुकडे करावे लागत नाहीत. पायथनच्या ओपनपायएक्सेलमधून फाइल तयार करत असाल तरीही मजकूर एकसंध देता येतो. फक्त चौकटीची रुंदी व उंची आपण स्वतः द्यायला हवी.

खऱ्या फाइलवर मॅक्रो चालवण्याआधी तिच्या प्रतीवर काही मुद्दाम घडवलेले सेल ठेवून पाहा. एकात २४९, एकात २५०, एकात २५१ अक्षरे, एकात ५००, एकात ५०१, एक रिकामा, एक सूत्राच्या चुकीचा, एकात १३ आणि १० ची जोडी असलेल्या ओळी, एकात २५० व्या जागी सुरू होणारे इमोजी, आणि एकात दोन-तीन हजार अक्षरांचा सलग मराठी मजकूर. मॅक्रो लागोपाठ दोनदा चालवा, कारण आधीच असलेल्या कमेंटची एरर दुसऱ्याच वेळी दिसते. दोन्ही वेळा पडताळणीच्या शीटवर काहीच उमटले नाही तर मूळ फाइल घ्यावी. काही उमटले, तर आवृत्तीचे नाव, त्या ओळींच्या दोन्ही लांब्या आणि कमेंट लिहिणाऱ्या तेवढ्याच ओळी येथे द्या. तेवढ्यावरून कोणत्या टप्प्यावर मजकूर अडला ते सांगता येईल.